साहेबाच्या कुत्र्यांना बंद झालेली लाखोरी

अन्याय झाला तो माझ्या मोठेबाबांवर. इंग्रज-जर्मनांच्या लढाईच्या चौथ्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. गावातली पोरं नारबोदचा पुतळा घेऊन ओरडत शिवेकडे निघाली होती, रोगराई घेऊन जा म्हणत. तेव्हा मोठेबाबा खाटेवरून उठायला गेले. वरचं अंग उठलं, पाय राहिले.

ज्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं ते सांगत, पहिल्या ओळीत कोणावर आणि केव्हा ते लिही. रडायचं असेल तर शेवटी रड, जागा उरली तर. त्यानंतर मी इतकी पत्रकं लिहिली आहेत की आता जागा उरते, पण रडण्याचा कंटाळा येतो. तरी हे एक लिहायचं राहिलं होतं. म्हणजे लिहिलं होतं, छापलं नाही कोणी.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ. बाप मला आठवतही नाही. वाढवलं ते मोठेबाबांनी आणि मोठीआईनं. घरची जमीन नव्हती. मोठीआई मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनमालकाच्या, धानाच्या बांध्यांवर रोवणी-कापणीला जायची आणि मोठेबाबा जनावरांच्या कामाला. त्यांची चाल गावात सांगण्यासारखी होती. कामठ्याच्या बाजाराला निघाले की बैलगाडी मागे टाकायचे आणि पुढच्या झाडाखाली बसून गाडीवाल्याला विचारायचे, "बैलं आजारी आहेत का गा?"

त्या उन्हाळ्यात मी गावात होतो, कारण गोंदियात राहणं बरं नव्हतं. बिडी कामगारांसाठी लिहिलेलं एक पत्रक भलत्याच्या हाती लागलं होतं आणि पोलीस माझी चौकशी करत होते. मोठेबाबांनी काही न विचारता ठेवून घेतलं. त्यांना तेव्हा नवं काम लागलेलं. बिरसीच्या बाजूला विमानं उतरवायला माळ सपाट करत होते. तिथल्या सामानाच्या राखणीला एक गोरा साहेब नेमला होता आणि त्याच्या हाताखाली मोठे मोठे विलायती कुत्रे. त्या कुत्र्यांना फिरवायचं, धुवायचं, खाऊ घालायचं, हे मोठेबाबांचं काम. लोक त्यांना कुत्तेवाला म्हणू लागले. त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. मला वाटायचं.

"काऊन गा," ते मला जेवताना म्हणायचे, "इंग्रजाले हाकलाले निघालास, अन् इंग्रजाच्या कुत्र्याच्या भाकरीवर जगून राह्यलास?"

"भाकर तुमची आहे, मोठेबाबा."

"माही कुठली? ते तांबडी जेवली त मी जेवलो. ते रुसली त साहेब माह्यावर रुसते."

तांबडी म्हणजे त्या कुत्र्यांतली एक कुत्री, साहेबाची लाडकी. आणि त्या दिवसांत ती खरंच रुसलेली होती, कारण मांस बंद झालं होतं. लढाईमुळे पलटणींनाच मांस पुरत नव्हतं, तर कुत्र्यांच्या वाट्याला कुठून येणार? साहेबाला वरून हुकूम आला असावा, किंवा त्याच्याच डोक्यात आलं असेल, मला ठाऊक नाही. पण त्यानं ठरवलं की मांसाच्या जागी काय चालतं ते या भागातल्याच वस्तूंवर बघायचं. एकेक वस्तू काही दिवस खाऊ घालायची, कुत्रे धानाच्या काट्यावर तोलायचे, अंगावरचा केस बघायचा, दात बघायचे, शेण म्हणायचं की काय म्हणायचं तेसुद्धा बघायचं.

आधी सुकी मासोळी झाली. कुत्र्यांनी ती आनंदानं खाल्ली, पण वास असा सुटला की पहारेकरी तंबू उचलून लांब गेले. मग बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले, शिंपले उकडून घातले. एका कुत्र्याच्या घशात कवचीचा तुकडा अडकला आणि मोठेबाबांनी हात कोपरापर्यंत घालून तो काढला. मग जवसाची ढेप आणली, तेल काढून उरते ती पेंड. तांबडीनं ती हुंगली. तिच्या शेजारच्या कुत्र्यानं ढेपेकडे पाठ केली आणि टांग वर केली. साहेबाला उत्तर मिळालं.

लाखोरीचं नाव काढलं ते मालगुजाराच्या दिवाणजीनं. माळावर मजूर पुरवण्याचं आणि धान्य पुरवण्याचं काम मालगुजाराकडे होतं, म्हणून दिवाणजी रोज तिथं असायचा. पांढरं धोतर, पायात वाजणारे जोडे. तो साहेबाला म्हणाला, आणि मोठेबाबांनी घरी येऊन ते त्याच्याच आवाजात आम्हाला करून दाखवलं, "साहब, मांस का काम ये दाल करती है. इधर का आदमी इसी पे पत्थर तोडता है."

जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लाखोरी ही डाळ आहे. धान उभं असतानाच ओल्या बांधीत तिचं बी फेकून देतात. नांगर नको, पाणी नको, राखण नको. धान कापलं की खालून ती आपली आपण वाढते आणि होळीच्या सुमाराला निघते. फुकटात येते म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून मजुरीत मोजायला सोयीची. आमच्याकडे मालकाच्या घरी तांदूळ शिजतो आणि मजुराच्या घरी लाखोरी. कधीपासून, ते विचारू नका. कोणी विचारलं नाही म्हणून तर चाललं आहे.

लाखोरीचे दाणे कुत्रे खाईनात. मग साहेबानं पोती गोंदियाच्या चक्कीवर पाठवून पीठ करून आणलं, आणि त्या पिठाच्या खायच्या वस्तू करायचं काम मोठीआईला मिळालं. तिनं सरळ पानगे केले. पळसाच्या पानात पीठ थापायचं आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं, जसे आपण आपल्यासाठी करतो तसे. फक्त थोडी चरबी लावायची, वासापुरती. आमच्या अंगणात रोज पानग्यांची रास पडायची. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अवो, लगन आहे का घरी? येवढे पानगे कायले?"

"लगनच समज," मोठीआई म्हणाली. "वऱ्हाडी चार पायाचे आहेत."

"नवरी कोन?"

"तांबडी. साहेबाच्या घरची आहे, हुंडा मोठा आहे."

मग पानगा उलटवता उलटवता ती माझ्याकडे बघून बोलली, "माणसाले कोनी विचारत नाही का खाल्लं, कसं वाटलं. अन् कुत्र्याले रोज विचारून राह्यला हा साहेब."

कुत्र्यांना पानगे आवडले. वजन वाढलं, केस चमकायला लागले. साहेब खूश झाला, दिवाणजी त्याहून खूश झाला, आणि आणखी पोती दळायला गेली. मोठेबाबासुद्धा खूश होते. पानगे खाऊन तांबडी त्यांच्या मागे माळभर धावायची आणि ते तिच्या पुढे.

मग एक दिवस तांबडी साहेबाच्या ओट्याची पायरी चढताना मागच्या पायांनी घसरली. चढली, पण परत घसरली. मोठेबाबांनी तिच्या कमरेखाली हात घालून उचलली. साहेब जेवत होता तो उठला, खाली बसला, तिच्या मांड्या चाचपल्या, तळवे उलटून बघितले. काटा नव्हता. मार नव्हता. मी त्या दिवशी पानग्यांची टोपली घेऊन तिथे गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साहेबानं माझ्या हातातल्या टोपलीकडे बघितलं.

"बंद करो," तो म्हणाला. "आज से बंद."

दिवाणजी म्हणाला, "साहब, पाँव मुरगळा होगा. दाल का क्या दोष?"

"मालूम नहीं. बंद करो. जानवर को मत दो."

जनावरांचा डॉक्टर नंतर आला. त्यालाही नक्की सांगता आलं नाही. म्हणाला, असेलही, नसेलही. साहेब म्हणाला, नसेल तर नसेल, पण बंद. कुठून तरी घोड्याचं मांस मिळायची व्यवस्था त्यानं लावली आणि तांबडी पावसाआधी परत धावायला लागली.

मला त्या साहेबाचा राग नाही. असं लिहिलं की माझे सोबती चिडतात. पण त्यानं जे केलं ते बरोबर केलं. त्याच्यापाशी पुरावा नव्हता, संशय होता, आणि कुत्रीच्या पायांसाठी तेवढा त्याला पुरला.

पण दळलेलं पीठ उरलं. पोतीच्या पोती. दिवाणजीनं ती परत नेली नाहीत. त्यानं माळावरच्या मजुरांची मजुरी त्या पिठात मोजली. मोठेबाबांची सुद्धा. एरवी निदान दाणे मिळायचे, यंदा आयतं पीठ, म्हणून बायका उलट म्हणाल्या की बरं झालं, जातं ओढायचं वाचलं.

मी घरात आरडाओरडा केला. कुत्र्यानं सोडलेलं माणसाला घालतात, हा अपमान आहे, मजुरांनी पीठ परत नेऊन दिवाणजीच्या दारात ओतलं पाहिजे, वगैरे. पत्रकातली सगळी वाक्यं बोलून झाली. मोठेबाबा शांतपणे पानगा मोडत होते.

"तू उगाच तापून राह्यलास गा. ते विलायती कुत्री आहे. तिच्या पोटाले लाखोरीची ओळख नाही. आपलं पोट इथलं आहे. माह्या बापानं खाल्ली, त्याच्या बापानं खाल्ली."

"ते दोघं काठीवाले?" मी विचारलं. आमच्या गावात दोघे होते, पायात पाय अडकवत, टाचा वर करून काठीवर चालणारे. लहानपणापासून बघत आलो होतो.

"त्यायले वारं लागलं," मोठीआई म्हणाली. "एकाले तळ्यावर, एकाले मसनाजवळ."

सगळ्या गावाचं हेच मत होतं. विलायती कुत्र्याला लाखोरी सोसत नाही, गावच्या माणसाला वारं लागतं. पारावर लोक त्यावर हसायचे, साहेबाचा कुत्रा किती नाजूक म्हणून. एकजण म्हणायचा, "डाळ खाऊन लंगडते! मंग आमी त पांगळेच पायजे होतो." आणि काठीवाल्यांपैकी एक तिथेच बसलेला असायचा, तोही हसायचा.

पाऊस सुरू झाला तसा मी गोंदियाला परत गेलो. पोलिसांना तोवर दुसरं काम मिळालं असावं. त्या पावसाळ्यात तांदूळ बाजारात दिसेनासा झाला. आमच्या घरी, आणि माळावरच्या प्रत्येक मजुराच्या घरी, तिन्ही त्रिकाळ त्या पिठाचे पानगे, त्या पिठाचं आंबील. मोठेबाबा दिवसभर पावसात कुत्रे फिरवायचे आणि रात्री म्हणायचे, पोटऱ्या ओढतात. मोठीआई तेल लावायची. मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं मी सुरुवातीलाच सांगितलं.

निरोप मिळाला तसा मी सायकलवर आलो. ते ओसरीत बसले होते, लाजल्यासारखे. मला बघून म्हणाले, "बैलगाडीवाल्याले सांग, आता त्याचे बैलं चांगले आहेत."

आम्ही जे सगळे करतात तेच केलं. कोंडा तापवून शेकलं. तेल चोळलं. आमच्या भागातल्या प्रतापगडच्या डोंगराला नेलं. महादेवाला हात जोडले आणि दर्ग्यालाही, दोन्ही पायथ्यावरूनच, कारण वर चढणार कोण? शेवटी मी त्यांना गोंदियाला डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर टिचकी मारली तसा पाय लाथ मारल्यासारखा उडाला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आजाराचा नव्हता, गावाचाही नव्हता. म्हणाले, "लाखोरी खाता का?"

मोठेबाबा म्हणाले, "खातो जी. सगळेच खातात."

"फक्त तीच?"

"दुसरं का खाणार जी?"

डॉक्टर हात धुवायला गेले. परत येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले की हे परतत नाही. वाढणार नाही, पण परतणारही नाही. मी विचारलं, हे तुम्हाला माहीत आहे तर गावात का सांगत नाही? ते म्हणाले, "सांगून? दुसरं काय खातील?" मी त्यांच्यावरही ओरडायला हवं होतं असं माझ्या सोबत्यांना वाटतं. मला तेव्हा ओरडवलं नाही. बाहेर मोठेबाबा बाकावर बसून पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते, हलतात का ते.

मोठीआईला हे सांगितलं तेव्हा तिनं पिठाचं भांडं पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "दाना असता त उकळून पयलं पानी फेकलं असतं. कडू लागते म्हनून फेकतो आमी. पिठाचं का फेकू?"

दिवाळीनंतरची मंडईची जत्रा संपल्यावर, थंडी पडायला लागली तेव्हा, मोठेबाबांनी हट्ट धरला की साहेबाकडे न्या. त्यांची जागा अजून भरलेली नव्हती. कुत्र्यांना बसूनही खाऊ घालता येतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना गाडीतून नेलं आणि फाटकापासून दोन काठ्यांवर चालवलं. टाचा टेकत नव्हत्या. एक पाय दुसऱ्याच्या आड यायचा आणि तो सोडवला की पहिला आड यायचा.

तांबडीनं लांबूनच ओळखलं. साखळी तोडल्यासारखी धावत आली आणि छातीवर उडी मारली. दोघे पडले. ती लगेच उठली, चारी पायांवर, आणि त्यांच्याभोवती गोल गोल धावली. मोठेबाबा जमिनीवर बसल्या बसल्या हसत होते. "बरी झाली गा," मला म्हणाले. "पाह्य पाय, कसे मजबूत झाले."

साहेब ओट्यावरून उतरला. दिवाणजी त्याच्या मागे. साहेबानं विचारलं, "इसको क्या हुआ?"

दिवाणजी म्हणाला, "बुढापा है, साहब."

मोठेबाबांचं वय तेव्हा दिवाणजीपेक्षा कमी होतं. ते खालूनच म्हणाले, "साहब, वही आटा. कुत्ती का."

साहेब थांबला. त्यानं तांबडीच्या पायांकडे बघितलं आणि मग मोठेबाबांच्या. त्याचा चेहरा लाल झाला, हे मी खोटं सांगणार नाही. तो दिवाणजीकडे वळला. "मैंने बोला था, जानवर को मत दो."

"जानवर को नहीं दिया, साहब," दिवाणजी म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. उर्मटपणाही नव्हता त्यात. हुकूम होता तसा पाळला होता, आणि तो पाळल्याचं सांगत होता. साहेबानं मोठेबाबांना चहा द्यायला सांगितला. काम मात्र दिलं नाही. कुत्तेवाल्याला धावावं लागतं.

परतताना गाडी घराजवळ आली तसे मोठेबाबा म्हणाले, "तुह्या पत्रकात लिहशील का गा हे?"

मी लिहिलं. गोंदियातल्या आमच्या लोकांना दाखवलं. एकजण म्हणाला, लढाई चालू आहे, लोक उपाशी मरतात, आणि तू कुत्र्यांचं लिहितोस. दुसरा म्हणाला, मालगुजार सध्या आपल्या बाजूला झुकतो आहे, त्याला आत्ता दुखवू नको. तिसरा सगळ्यांत समजूतदार, तो म्हणाला, स्वराज्य येऊ दे, मग लाखोरी काय, सगळंच बंद होईल. मी कागद घडी करून ठेवला. लढाई संपली. माळावरचा साहेब कुत्रे घेऊन गेला. स्वराज्य दाराशी आलं म्हणतात. मालगुजार आता खादी घालतो आणि दिवाणजी तोच आहे.

मोठेबाबा दोन काठ्यांवरून आता एका काठीवर आले आहेत. सुधारणा नाही, सवय. पारावर त्यांची जागा काठीवाल्यांच्या शेजारी आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिथे आणखी एकजण बसायला लागला, पंचविशीतला, माळावर कधी गेलाही नव्हता. लोक म्हणतात त्याला शेतात वारं लागलं.

आज मी गावात आहे. बांध्यांत लाखोरी निळी फुलली आहे, दिसायला फार सुरेख. काल दिवाणजीनं मोठीआईला सांगितलं, तांदूळ महाग आहे, होळीनंतर मजुरी लाखोरीत. तिनं मला विचारलं, घेऊ का नको? नको म्हणालो तर काय खायचं ते मला सांगता आलं नाही. ते मी सांगायचं नाहीच. ते तुम्ही सांगायचं आहे, ज्यांच्या बांध्या आहेत, ज्यांच्या कोठीत धान आहे, आणि ज्यांच्या दारात उद्या मजूर पदर किंवा टोपली पसरून उभा राहणार आहे.

पुरावा मागू नका. साहेबानं मागितला नव्हता. या होळीला मजुरी मोजाल तेव्हा पायली धानाची भरा. लाखोरी मोजू नका. दाण्यात नको, पिठात नको, थोडी नको, यंदापुरती नको. बंद करा. आजपासून बंद.